गाडी भरल्याशिवाय निघत नाही

अण्णांची जीप भरल्याशिवाय निघायची नाही. सुरगाणा ते नाशिक या रस्त्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काळी-पिवळी चालवली, आणि ‘भरली’ या शब्दाचा त्यांचा अर्थ परमिटवरच्या आसनसंख्येपेक्षा बराच ऐसपैस होता. मागच्या बाकांवर मावतील तेवढे, मधल्या सीटवर चौघे, पुढे डावीकडे दोघे, आणि सगळ्यात शेवटी धावत आलेला माणूस अण्णांच्या उजव्या हाताला, ड्रायव्हर आणि दार यांच्या मधल्या वीतभर जागेत. त्यामुळे अण्णा कायम डावीकडे सरकून, तिरके बसून गाडी हाकायचे. पुढे धंदा बंद झाला, जीप पांढरी रंगवून नाशिकमध्ये चुंचाळ्याच्या आमच्या घरासमोर उभी राहिली, तरी भाजी आणायला एकटे निघाले की ते तसेच सरकून बसत. आई होती तेव्हा विचारायची, “उजवीकडं कोणाला बसवलंय?” अण्णा हसून गिअर टाकायचे.

मी जवळच अंबडला इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मीटर जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवणं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मीटर एकदाही बिघडलेला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत अण्णांचे कान गेले. आधी उजवा, मग डावा. ऐकायचं यंत्र आणलं, पण ते त्यांच्या शर्टाच्या खिशातच असतं. “त्यात माणसं बोलत नाय, नुसते पापड भाजत्यात,” असं त्यांचं म्हणणं. कान गेल्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. पण ते नाचायचे थांबले. गावाकडच्या कुठल्याही लग्नात पावरीचा पहिला सूर निघाला आणि संबळावर काठी पडली की सगळ्यात आधी उठणारा माणूस म्हणजे वाल्मीक ड्रायव्हर, अशी त्यांची ख्याती. आणि माझ्या धाकट्या भावाच्या, रविराजच्या साखरपुड्यात ते आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ पाठ करून बसून राहिले. मी हात धरून उठवायला गेले तर म्हणाले, “वाजलं काय नि नाय वाजलं काय, मला सारखंच गं.”

लग्न फेब्रुवारीत होतं. त्याच्या महिनाभर आधी मी अण्णांना घेऊन नईमच्या गॅरेजवर गेले. नईम म्हणजे गाड्यांच्या वायरिंगमधला आमचा घरचा डॉक्टर. आयटीआयला माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून मला ‘इंजिनेरबाई’ म्हणून चिडवतो. तिथे एका पोराच्या गाडीत मोठा वूफर वाजत होता. अण्णा सहज त्या गाडीला टेकले. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्यांचा उजवा पाय ठेका धरत होता.

“पत्र्यातून येतंय गं,” ते म्हणाले. “हाडात वाजतंय.”

बास. मला काय करायचं ते तिथेच ठरलं. गावाने डीजेच्या ट्रकला बंदी केली होती, पण घरच्या जीपला कोण अडवणार? नवरदेवाच्या मिरवणुकीपुढे अण्णांचीच जीप चालणार, तिच्यातून संबळ वाजणार, आणि अण्णा नाचणार. रविराज तर एवढा खूश झाला की लग्न निकिताशी आहे की वूफरशी, असा प्रश्न पडावा.

गाणं वाजवणं सोपं असतं, त्याला वीज पुरवणं अवघड. जुन्या जीपच्या अल्टरनेटरचा संसार म्हणजे दिवे, वायपर आणि हॉर्न. त्यावर मोठा ॲम्प्लिफायर लावणं म्हणजे दोघांपुरत्या भातावर वऱ्हाड जेवायला बसवणं. ठोका पडला की हेडलाइट मिचमिचे होत, व्होल्टेज कोसळे, आणि ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला लाल दिवा लावून गप्प बसे.

आम्ही रीतसर कामाला लागलो. रुग्णवाहिकेला असतो तसा दांडगा अल्टरनेटर बसवला. तिथून बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल ओढली. बॅटरीपासून चॅसीला आणि इंजिनापासून बॉडीला तसलीच अर्थिंग दिली, आणि जिथे जिथे बोल्ट बसणार तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. बॅटरीजवळ मोठा फ्यूज, सीटखाली दुसरी बॅटरी, डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांचा व्होल्टमीटर. प्रत्येक जोड मी स्वतः मीटर लावून तपासला. कारखान्यात साहेबांना दाखवावं इतकं देखणं काम झालं होतं.

इंजिन चालू केलं. मीटरवर चौदा पॉइंट दोन. मोबाइलवर रविराजने गावाकडून रेकॉर्ड करून आणलेला संबळ लावला. पहिल्या ठोक्याला बारा, दुसऱ्याला अकरा, मग लाल दिवा.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” नईम डोकं खाजवत म्हणाला. “इथं आपण अंगणच नवं करून दिलं, तरी हिला नाचता येईना.”

पुढचे काही दिवस आम्ही जे जे बदलता येईल ते बदललं. लाल दिवा काही हटेना. अण्णा स्टुलावर बसून सगळं बघत होते. शेवटी ते उठले, जीपच्या मागच्या बाकावर हात आपटून म्हणाले, “रिकामी हाय ना ती. रिकामी कधी चाललीय का?”

नेमकी तेव्हा नईमची बायको अमिना डबा घेऊन आली होती. सोबत तिची सासू, दोन नणंदा. नईम हसत म्हणाला, “चला, बसा सगळे. चाचांची सीट भरू द्या.” शेजारचा टायरवाला धोंडीरामही चढला. कोणीतरी पुढे बसलं, कोणी मागे, आणि मी पुन्हा संबळ लावला.

चौदा पॉइंट दोन. ठोक्यामागून ठोका पडत होता, पत्रा थरारत होता, अमिनाची सासू कानावर पदर दाबून हसत होती, आणि हिरवा आकडा जागचा हलत नव्हता.

माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. मला राग आला. कुठेतरी एखादी अर्थिंग ढिली आहे आणि माणसांच्या वजनाने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले की ती नीट टेकते, हे कारण मला लगेच सुचलं. आणि तपासणंही सोपं होतं. नईमचा मेहुणा नामपूरहून कांद्याच्या गोण्या घेऊन आला होता. त्या सगळ्या जीपमध्ये भरल्या. पाटे सरळ होईपर्यंत गाडी दबली. संबळ लावला. लाल दिवा.

गोण्या उतरवल्या, माणसं बसवली. चौदा पॉइंट दोन.

एकेकाला उतरवत गेले तसा आकडा उतरत गेला. कोण बसलंय याने फरक पडत नव्हता. धोंडीराम बसो की बारकी नणंद, जीपला सारखंच.

“कांदा नाचत नाही ना,” नईम म्हणाला. मग माझ्याकडे बघून जरा गंभीर झाला. “ए इंजिनेरबाई, टेन्शन कशाला? तिला माणसं लागतात, आपण माणसं बसवू. वरातीत माणसांना काय तोटा?”

मी मान हलवली. कारण सापडलं नाही तरी उपाय सापडला होता, आणि कारखान्यातही कितीदा तेवढ्यावरच भागवावं लागतं. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना मिरवणुकीत जीपमध्ये बसवायचं ठरलं. एकच खोड राहिली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बेसवर खडखडायचं, खड्ड्यातही खडखडायचं. रबर लावलं, फोम भरला, कडी बदलली. अण्णांनी दारावर तळवा ठेवून पाहिलं आणि म्हणाले, “तिथं माणूस बसला की नाय वाजत.”

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही सुरगाण्याकडच्या आमच्या गावाला निघालो. गाडी मी चालवत होते, कारण कान गेल्यापासून अण्णांनीच स्टिअरिंग सोडलं होतं. ते डावीकडच्या खिडकीशी बसले होते. त्यांच्या आणि माझ्या मध्ये त्यांची थोरली बहीण चंद्रभागाआत्या, मागे मावश्या, मामा, भाचरं, आणि अगदी शेवटी रविराजचे दोन मित्र, राकेश आणि नवनाथ. नईम आणि अमिना त्यांच्या गाडीतून मागून येत होते. दिंडोरीपर्यंत द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो लागत होते. संबळ, गाणी, आत्याच्या शिव्या, सगळं एकदम चालू होतं. एवढं हसून माझे गाल दुखायला लागले होते.

वणीला चहासाठी थांबलो. सगळे उतरले. चहा झाल्यावर मंडळी एकेक करून परत चढू लागली, आणि अण्णा खाली उभे राहून जुन्या सवयीने बोटाने डोकी मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. “भरली. चला.”

“अण्णा, राकेश नि नवनाथ यायचेत,” मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं.

दोघं पोरं हातात भजी घेऊन धावत आली. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी पंचाईत दिसली.

“यांना कुठं बसवू आता?”

मागची जागा चांगली ऐसपैस रिकामी होती. सगळे खदाखदा हसले, मीही हसले. पोरं चढली. मी पाहत होते म्हणून सांगते, अण्णांनी त्यांना बसवताना रिकाम्या बाकाकडे बघून “सरका जरा, सरका” असा हात केला, आणि मग त्यांना बाकाच्या अगदी कडेला बसवलं. नवनाथ तसाच अर्धा अधांतरी बसून गावापर्यंत आला. का सरकला नाहीस, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, “ताई, गर्दी होती ना.” आणि मग स्वतःच गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

बोरगाव घाटावर स्ट्रॉबेरीवाल्या बायकांनी गाडी थांबवून आमच्यावर फुकट स्ट्रॉबेरी उधळल्या. वऱ्हाड बघून माणसं अशी वागतात तेव्हा मला आमच्या भागाचा फार अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मिरवणूक निघाली. ऊन अजून चांगलं होतं. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत रस्ता, शेवटी थोडा चढ. पुढे जीप, मागे फेटा सांभाळत रविराज. जीपमध्ये चंद्रभागाआत्या आणि तिच्या वयाच्या सगळ्याजणी, हळदीच्या पिवळ्या हातांनी दांडे धरून. अण्णा मांडवात खुर्चीवर, पाठ करून.

मी इंजिन चालू ठेवून खाली उतरले, त्यांना हाताला धरून आणलं, आणि त्यांचा तळवा बॉनेटवर ठेवला. मग नईमला खूण केली.

संबळ वाजला.

अण्णा आधी नुसते उभे राहिले. मग त्यांनी दुसराही तळवा ठेवला. मग डोळे मिटले. त्यांचा पाय हलला, खांदा हलला, आणि दोन वर्षांपूर्वीचे वाल्मीक ड्रायव्हर बॉनेट सोडून रस्त्याच्या मधोमध गेले. जमिनीतून येणारा ठोका आता त्यांना पुरत होता. रविराज नवरदेव असल्याचं विसरून त्यांच्या गळ्यात पडला. मी परत स्टिअरिंगवर बसून ढसाढसा रडत होते आणि हसत होते, आणि पहिल्या गिअरमध्ये जीप हळूहळू पुढे नेत होते.

आता अख्खं गाव नाचत होतं. नईम नाचत होता. अमिना टाळ्या वाजवत होती. माझ्या मागून एक म्हातारी उतरली. मग दुसरी. वाल्मीक नाचतोय म्हटल्यावर कोण बसून राहणार? एकेकजण गुडघे धरत उतरली आणि गर्दीत शिरली.

शेवटी चंद्रभागाआत्या माझा दंड दाबून म्हणाली, “मेलं, मला बी जाऊ दे.” आणि तीही उतरली.

जीपमध्ये माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

मी मीटरकडे पाहिलं. आता बारा होणार, मग अकरा, मग लाल दिवा. रस्त्याच्या मधोमध अण्णांच्या पायाखालचा ठोका निघून जाणार, आणि ते पुन्हा त्या खुर्चीकडे चालू लागणार. मी देव पाण्यात घालून बसले होते.

चौदा पॉइंट दोन.

ठोका पडला. चौदा पॉइंट दोन.

पुढे चढ लागला. मी क्लच सोडला तर गाडी पुढे जाईना. इंजिन कण्हलं. गच्च भरलेली गाडी चढावर जशी कण्हते तसं. मी जास्त रेस दिली तेव्हा ती रांगत निघाली.

नईम नाचता नाचता मागच्या चाकांकडे बघून थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, तळवा खाली दाबून दाखवला. पाटे सरळ झाले होते.

बारशाच्या घरात येतो तसा वास जीपमध्ये आला, पावडरीचा, तेलाचा, नव्या कापडाचा. आणि विडीचा. आमच्यात कोणी विडी ओढत नाही.

अण्णा गर्रकन वळले आणि जीपकडे तोंड करून नाचू लागले. त्यांचे हात वर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, आणि ओळखीचं माणूस दिसल्यावर उजळतो तसा त्यांचा चेहरा उजळला होता.

“या की! उतरा!” ते ओरडले. “कोण रे तो? सहादू? ये की लेका!”

मी मागे वळून पाहिलं नाही.

मीटरकडे बघत राहिले. पारापर्यंत हिरवा आकडा हलला नाही. एकदाही नाही. आणि घामाने निथळलेले अण्णा पाराच्या पायरीवर बसून, छातीवर हात ठेवून, लहान मुलासारखे हसत होते. मला भीती वाटत होती, पण त्यांच्याकडे बघताना ती टिकत नव्हती. त्यांना असं हसताना पाहायला मी वाट्टेल त्याला गाडीत बसू दिलं असतं.

लग्न थाटात लागलं. निकिताने गृहप्रवेशाचं माप ओलांडताना सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि मोठ्याने म्हणाली, “अण्णा, तुमच्यासोबत नाचायचं राहिलं माझं.” अण्णांनी अंदाजाने मान डोलावली.

रात्री झोपायच्या आधी आत्याला मी विचारलं, सहादू कोण?

“जीपमधी बसला होता तो का? हातात पावरी?” आत्याने थोडा विचार केला. “द्राक्षाच्या छाटणीला जायचा बघ, टोळी घेऊन. नेहमी उशिरा यायचा, पळत. वाल्मीक त्याच्यासाठी गाडी थांबवून धरायचा. लय वर्सं झाली, त्या टोळीतलं कोण उरलंय आता.” आणि ती कूस बदलून झोपली.

परतीला दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि अण्णा, दोघंच होतो. बाकीचे पूजेसाठी राहिले होते, मला कामावर हजर व्हायचं होतं. निघण्यापूर्वी मी ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून खिशात ठेवला. रिकामी जीप हलकी पळत होती. ऊन लख्ख होतं, शेतं कापून मोकळी झाली होती. माझ्या बाजूचं दार नेहमीसारखं खडखडत होतं, आणि मला त्या आवाजाचा चक्क आधार वाटत होता.

गाव सुटल्यावर फाट्यावर अण्णांनी हाताने थांबायची खूण केली. लघवीला असेल म्हणून मी थांबले. ते खाली उतरले नाहीत. नुसते बसून राहिले. मग त्यांनी बाहेर हात काढून पत्र्यावर दोनदा थाप मारली.

“भरली. चल.”

मी क्लच सोडला. इंजिन कण्हलं.

थोडं अंतर गेल्यावर अण्णा हसले. मग मान वाकडी करून, उजवा कान मागे लावून ते ऐकू लागले, आणि पुन्हा खळखळून हसले. “नाय रे, पोरगीच चालवते आता,” ते मागे वळून म्हणाले. “माझ्यापरास बरी चालवते.” यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, मला त्याचं टोक दिसत होतं. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना कोणाचं बोलणं ऐकून असं उत्तर देताना पाहिलं नव्हतं. ते किती आनंदात होते हे मी कोणालाही सांगू शकणार नाही.

मग ते माझ्याकडे वळले, आणि सहज, घरातल्यासारखं म्हणाले, “जरा डावीकडं सरक गं पोरी. दाराची कडी रुततेय त्याच्या बरगडीत.”

मी डावीकडे सरकले.

दार खडखडायचं थांबलं.